पाठीमागून उजेड

देवरामकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. त्यांचा मुलगा दोनच वाक्यं बोलला. मी "हो… हो…" म्हणाले आणि फोन ठेवला. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात जे आलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगते. मनात आलं, आता त्या चढाईच्या फोटोचं कुणाला विचारायचं? काकांशी मी उघड कधी भांडले नाही. दिवाळीला पाया पडत राहिले, लग्नाचे फोटोही त्यांच्याकडूनच काढून घेतले. पण पंचेचाळीस वर्षं त्यांच्याबद्दल एक अढी मनात होती. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले, मुलींना हरणं पचवायला सांगितलं, आणि मला मात्र एक न निघालेला फोटो पचला नाही.

लाखनीला हमरस्त्यावर काकांचा छोटा स्टुडिओ होता, दर्शनी काचेत त्यांनी काढलेले फोटो लावलेले. पोट भरायचं ते लग्नांवर आणि पासपोर्ट फोटोंवर. जीव मात्र खेळाच्या मैदानात. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या भागात गावोगावी कबड्डीचे सामने भरत. सामना रंगात यायचा तो नेमका दिवेलागणीला, उजेड गेल्यावर. मग फ्लॅशशिवाय गत्यंतर नसे. तो कॅमेऱ्यावरच बसवला की खेळाडू भिंतीला चिकटवल्यासारखा सपाट दिसतो, डोळे विस्फारलेले, अंगात जीव नाही, असं काका म्हणायचे. म्हणून त्यांनी फ्लॅश कॅमेऱ्यापासून तोडला, एका बांबूच्या टोकाला बांधला आणि लांबलचक वायर जोडून मैदानाच्या दुसऱ्या कडेला नेला. वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून ती मातीखाली दाबून ठेवायची. बांबू धरून उभ्या राहायच्या सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, पदर कमरेला खोचून. एकदा चमकला की फ्लॅश पुन्हा भरायला दहा-बारा सेकंद लागत. भरला की त्यावरचा लाल दिवा लागे आणि काकू मान हलवत. म्हणजे एका चढाईत एकच फोटो. काका सबंध चढाई श्वास धरून बसायचे. चढाई करणाऱ्याचा दम कधी संपणार, हे ते नुसत्या आवाजावरून ओळखत.

आमच्या शाळेत मुलींचा संघ निघाला तेव्हा घरोघरी कुरबुर झाली. आमच्याकडे तर जास्तच. माझे वडील, बाबूजी, तसे वाईट नव्हते, पण हाफपँट घालून धावणारी पोरगी त्यांच्या पचनी पडेना. एक दिवस मला सोबत घेऊन ते काकांच्या स्टुडिओत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "देवराम, पोट्टी खेळते तं खेळू दे. पण तुह्या काचेत तिचं तोंड दिसलं तं त्या दिवशी तिचं खेळणं बंद. इथं ट्रकवाले चहाले थांबतेत अन् काचेत पाह्यत राह्यतेत."

"चेहरा नाही येणार, दादा. माहा शब्द आहे," काका म्हणाले.

"मंग फोटो काढतच काहून?"

"फोटोच नसला तं ह्या पोट्ट्या खेळल्या हे कोन मानन?"

बाबूजींनी मला पुढे घातलं. ते निघून आले, आणि मी खेळायला लागले.

दिलेला शब्द पाळायला काकांनी उजेडाची जागाच बदलली. मुलांच्या सामन्यात काकू बांबू घेऊन बाजूला उभ्या राहत. आमच्या सामन्यात त्या आमच्या पाठीमागे गेल्या. फोटोत मग आमची तोंडं अंधारात, आणि खांदे, वेणी, ताणलेला पाय यांच्या कडेनं उजेडाची एक रेघ. पायाखालून उडालेली धूळ तर अशी चमके की मुलांच्या फोटोंतही कधी चमकली नव्हती. ते फोटो स्टुडिओच्या काचेत लागले. ट्रकवाले थांबून बघत, कोण मुलगी आहे ते कुणाला कळत नसे. मला तेवढं कळे. माझी डावी टाच चढाईत नेहमी उचललेली असायची. त्या टाचेवरून मी स्वतःला ओळखायची आणि मैत्रिणींना दाखवायची. छान वाटायचं… आणि थोडं वाईटही वाटायचं.

त्या वर्षी सिहोऱ्याला जिल्ह्याच्या सामन्यांचा अंतिम सामना होता. धानाची कापणी झालेली, त्या रिकाम्या शेतात, बांधीत, मैदान आखलेलं, लोक कडेच्या उंचवट्यांवर, धुऱ्यांवर, बसलेले. शेवटची चढाई माझी होती आणि आम्ही दोन गुणांनी मागे होतो. काय झालं ते मला आजही अंगात आठवतं. एकीला हात लागला, दुसरीनं कंबर धरली, तिसरी पायावर पडली. त्या दोघींना ओढत, दम न सोडता मी मधल्या रेषेवर बोटं टेकवली. आम्ही जिंकलो. मला मुलींनी उचललं तरी माझे डोळे काकांकडे होते, कारण मैदान उजळलेलं मला जाणवलं नव्हतं. धावत जाऊन विचारलं, "काका, निघाला?" ते वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "फ्लॅश भरला नव्हता, बाई." एवढंच. साध्या साध्या चढायांचे फोटो आहेत, त्या चढाईचा नाही. माणूस आयुष्यात असा एकदाच खेळतो, आणि काकांसारख्या माणसाला तेव्हा बारा सेकंदांचा हिशेब जमू नये, हे मी त्यांना कधी माफ केलं नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी मी काकूंना भेटायला गेले. त्या आता बऱ्याच थकल्यात, पण बोलणं स्पष्ट आहे. काकांच्या गोष्टी निघाल्या, आणि बोलता बोलता मी माझी जुनी तक्रार हसण्यावारी नेत सांगून टाकली. काकू हसल्या नाहीत.

"फ्लॅश भरला होता," त्या म्हणाल्या. "लाल दिवा लागला होता. मीनं मान हालवली होती."

"म्हणजे?" मी विचारलं.

"मीच बांबू घेऊन तुह्या समोर आली. मले वाटलं, पोट्टी एवढी खेळून राहिली, एकदा तरी तिचं तोंड दिसू दे. त्यायनं कॅमेऱ्यातून पाह्यलं… अन् बटनावरचं बोट काढलं."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"माहं नाव नव्हतं सांगायचं त्यायले."

काकांचा मला त्या क्षणी अभिमान वाटायला हवा होता. तो नंतर वाटला. आधी रागच आला, आणि मी तो बोलूनही दाखवला, "काढायला हवा होता काकू. काचेत नसता लावला, पेटीत ठेवला असता."

"मीनंही तेच म्हटलं होतं. तं म्हणे, दादा उद्या विचारतीन, मंग काय सांगू?" काकूंनी पदरानं डोळे पुसले. "अन् आलेच ना तुहे बाबूजी दुसऱ्या दिवशी. चहा पेले अन् विचारलं, तिचा फोटो काढला का म्हणून. त्यायनं सांगतलं, नाही काढला. तुहे बाबूजी जायले उठले. मंग म्हणाले, पुढच्या वर्षीही जाऊ दे तिले."

पुढची दोन वर्षं मी खेळले. त्याच खेळावर पुढे शाळेत नोकरी लागली. आणि ती दोन वर्षं मी सिहोऱ्याच्या त्या चढाईनं बाबूजींकडून जिंकून घेतली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले होते.