भोंग्याला कुणी बोलायला लावलं

धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर बोलवायला मी एक प्रोग्राम लिहिला होता. काट्यावरून गाडीचा नंबर टाइप केला की आवारातला भोंगा बाईच्या आवाजात तो पुकारायचा. ऑफिसात एकच लिनक्स सर्व्हर; सगळे आपापल्या लॉगिनने त्यावरच काम करत. निरोप घ्यायला प्रोग्रामने सॉकेट उघडलेलं असे. दिसायला ती एक फाइलच. तिच्यावर लिहायची परवानगी ज्याला, त्याचं म्हणणं भोंगा बोलणार. घाईघाईत ती मी सगळ्यांनाच देऊन टाकली होती.

एका दुपारी भोंगा म्हणाला, "चहा तयार शे. बठ्ठा या."

सगळे ड्रायव्हर आले. चहा नव्हता. शेठनी माझ्याकडे पाहिलं.

मी लगेच परवानगी काट्याच्या लॉगिनपुरती ठेवली आणि निर्धास्त झालो. सकाळी सर्व्हर सुरू झाला आणि भोंगाही. "कालना चहा राही गया. शेठ, आते तरी पाजा."

कोड उघडला. प्रोग्राम दर वेळी सुरू होताना सॉकेट नव्याने बनवत होता आणि माझ्याच एका ओळीने ते पुन्हा सगळ्यांना खुलं करत होता. ती ओळ मी मुद्दाम तशीच ठेवली. फक्त निरोप कुणाच्या लॉगिनवरून आला, याची नोंद होईल असं केलं.

तासाभरात भोंगा पुन्हा चहा मागू लागला आणि चोर सापडला. स्टोअर सांभाळणाऱ्या अक्का. निवृत्तीला आलेल्या, कायम गंभीर.

"अक्का, तुम्ही?"

"मंग कोन?" त्यांनी चष्मा पुसला. "फायलीपुढची अक्षरं वाचायला तूच शिकवलं ना? शेवटच्या तीन अक्षरांत डब्ल्यू दिसला, म्हणजे कुणीही लिहावं. म्हटलं, पोराने बठ्ठासले दिलंय, तर वापरावं. कमांड काय, काट्यावर तूच लिहून चिकटवलीय."



मग सॉकेट वेगळ्या फोल्डरमध्ये हलवलं, ते एका नव्या ग्रुपपुरतंच उघडं ठेवलं आणि ग्रुपमध्ये कोण कोण घालू म्हणून शेठना विचारायला गेलो.

"काट्यावरचा माणूस आणि अक्का," शेठ म्हणाले.

"अक्का?"

"तुझा भोंगा नुसते नंबर पुकारतो तेव्हा कुणी जागचं हलत नाही."

दुसऱ्या दिवशी आवारात घुमलं, "सोनगीरना भाऊ, तंबाखू मंग मळा, पहिले गाडी काटावर लई या."

तीन गाड्या एकदम सुरू झाल्या.