पसंतीचं पाणी

आमच्याकडची स्थळ बघायला गेलेली माणसं पसंती ठरेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नसत. एकदा प्यायले की शब्द दिल्यासारखं. आता हे कुणी फारसं पाळत नाही, पण माझी आई पाळते, आणि मागच्या उन्हाळ्यात तिने ते चक्क भावाच्या फ्लॅटच्या बाबतीत पाळलं.

आमची कोलशेतची जमीन टॉवरवाल्यांकडे गेली तेव्हा भावाने स्वतःच्या वाट्यातून मांडव्याच्या बाजूला हा फ्लॅट घेतला. समोर समुद्र, खाली मरिना. मरिना म्हणजे बोटींचं पार्किंग, हेही त्यानेच मला फोनवर समजावलं. आईने कायमचं तिकडे राहायला यावं असं त्याच्या मनात होतं. आई म्हणाली, "आधी बगून येते." म्हणून एका रविवारी आम्ही दोघी निघालो, संध्याकाळच्या बोटीने परत यायचं असं ठरवून.

बाथरूममध्ये पडल्यापासून आई माझ्याकडे डोंबिवलीला असते. घरात आम्ही दोघीच. रात्री ती उठली की मी उठते, ती कुशीवर वळली तरी मला जाग येते, आणि सकाळी डबा भरून मी ठाण्याला नोकरीवर. मी दमले होते. तिने तिकडेच राहावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून माझाच मला राग येत होता. भावाला यातलं काही बोलले नव्हते. तो विचारायचा, "सगळं ठीक ना?" मी म्हणायचे, "ठीक."

जेट्टीवर भाऊ गाडी घेऊन आलेला. बसल्या बसल्या त्याने पाण्याची बाटली पुढे केली. आईने ती बाजूला सारली आणि पिशवीतून आमची डोंबिवलीची बाटली काढून दोन घोट घेतले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, आज ही स्थळ बघायला आली आहे.

मरिनावर सगळं पांढरंशुभ्र. बोटींवर ताडपत्र्या घातलेल्या, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, आणि माणूसही नाही. ज्या हॉटेलात भावाने टेबल सांगून ठेवलेलं तिथे एका कोळंबीच्या प्लेटचा भाव वाचून मी मेनू मिटवला. आईने आयुष्यातली निम्मी वर्षं मिठागरात काढली आहेत, पाण्याकडे ती कौतुकाने बघत नाही. ती बोटींकडे बघत होती.

"या बोटी जातान कवा?" तिने विचारलं.

"रविवारी जातात, आई. लोक फिरायला येतात ना."

"मंग आज कोन वार हाय?"

भाऊ हसला. मला हसायचंही त्राण नव्हतं. आई जेवली नाही. आज उपास आहे म्हणाली. कसला, ते कुणी विचारलं नाही.

फ्लॅटवर वहिनीने लिंबाचं सरबत केलेलं. आईने हात जोडले, "नंतर घेते, बाय." आमची बाटली एव्हाना रिकामी झालेली. बाहेर ऊन रणरणत होतं, तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि ही बाई सुकलेल्या ओठांनी खोल्या बघत फिरत होती. बाथरूममध्ये धरायला दांडे होते. तिच्या खोलीत घंटी होती, दाबली की वहिनीच्या खोलीत वाजणारी. माझ्या घरी यातलं काही नाही, माझ्या घरी मी आहे. मी चिडून म्हणाले, "अगं पी ना जरा, काय हट्ट आहे हा." ती म्हणाली, "तू बस जरा." मी सोफ्यावर बसले.

जाग आली तेव्हा ऊन उतरलेलं. माझ्या अंगावर कुणीतरी चादर घातलेली. आई शेजारी खुर्चीवर बसलेली आणि तिच्या हातात रिकामा ग्लास होता.

"प्यायले," ती म्हणाली.

"आवडलं तुला इथे?"

"काय आवडाचं हाय? ना बाजार, ना कोनाचा आवाज." तिने ग्लास खाली ठेवला. "तू घोरत व्हतीस. मी दोन येला उठले, नळ सोरला, दार वाजवलं. तू जागी झाली नाय. किती दमलीस गं तू."

मला रडू आलं, आणि मी ते दाबलंही नाही. 'काही नको राहूस, चल घरी,' असं म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. बोटीला अजून वेळ होता, गाडी खालीच उभी होती, भाऊसुद्धा वाईट वाटून घेणारा नाही.

मी डोळे पुसले, पर्समधून तिच्या गोळ्यांचा डबा काढला आणि सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते वहिनीला सांगायला आत गेले.