तांदळावर लिहिलेलं नाव

मॅडमनी चष्मा नाकावर सरकवला, कागद छातीसमोर धरला आणि ओपीडीच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका हो ऐका! आपल्या सिस्टरला लंडनहून पत्र आलंय."

मी तेव्हा एका म्हाताऱ्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगा दाबत होते. हात तसाच चालू राहिला.

मॅडमनी आधी इंग्रजीत वाचलं. 'डिअर मिसेस', पुढं माझं पूर्ण नाव. मग लोकांसाठी मराठी केलं. "तुमचा व्हिसाचा अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. पुन्हा अर्ज करू नये. या निर्णयाबाबत कार्यालयाशी संपर्क साधू नये. कळलं का गं? साधू नये!"

बाकांवर खसखस पिकली. एक पोटुशी बाई तोंडाला पदर लावून हसली. तिचं बाळंतपण मीच करणार होते.

मॅडम तेवढ्यावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. कागद माझ्या एप्रनच्या खिशात खोचत म्हणाल्या, "मेंढरामागची पोर तू. अंगाचा लोकरीचा वास आधी घालव, मग विमानात बसायचं बघ."

"बाई," म्हातारा कळवळला, "लई आवळलं वो!"

पट्टा सोडला. त्याचा दंड लाल झाला होता. माझं काय झालं होतं ते बघायला तिथं कुणाला सवड नव्हती.

ही शिरूरची गोष्ट, दोन हजार सालानंतरची. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, बाजारपेठेत डॉक्टरसाहेबांचं मोठं हॉस्पिटल होतं. साहेब तपासायचे, मॅडम राज्य करायच्या. मोठ्या जमीनदार घरातल्या. आम्हा नर्सांचे चहाचे कप वेगळे आणि बसायची जागा मागच्या पायरीवर. त्यांच्या कपाटात आम्हा सगळ्यांची मूळ सर्टिफिकेटं कुलूपबंद. नोकरीला लागताना 'जमा करा' म्हणायच्या, नोकरी सोडतो म्हटलं की 'सापडत नाहीत' म्हणायच्या. त्या वेळी पुष्कळ ठिकाणी हीच रीत होती. गाईला दावं असतं, नर्सला सर्टिफिकेट.

माझं माहेर निमोणे. आजोबांपर्यंत आमचं घर मेंढरांमागं रानोमाळ फिरलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, जमीन कसायला घेतली आणि मला नर्सिंगला घातलं. सासर दौंडचं, नवरा रेल्वेत खलाशी. आठवडाभर मी शिरूरला हॉस्पिटलच्या खोलीत राहायची आणि सुट्टीला एसटीनं दौंड गाठायची. इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमात नर्सची नोकरी पक्की झाली होती. व्हिसाचा अर्ज मुंबईला जाऊन देऊन आले होते.

आता माझी अक्कल ऐका. अर्जावर ईमेलचा पत्ता मागितला होता. माझा ईमेल कुठला? आमच्या गावात पत्र यायचं ते 'मार्फत अमुक किराणा दुकान' असं. टपाल दुकानात, आणि दुकानदार हाक मारणार, "ए, तुझं पत्र आलंय!" मेल म्हणजे तसंच काहीतरी असेल असं मला वाटलं. डॉक्टरांना विचारलं, ते हसून म्हणाले, "लिही की आमचा." मी लिहिला. हॉस्पिटलचे मेल मॅडमच उघडून छापून काढायच्या. म्हणजे माझं नशीब मीच नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

त्या दिवशी दौंडच्या गाडीत खिडकीशी बसून मी पाटस येईपर्यंत रडले. पुढं रडू संपलं आणि राग उरला. राग बरा असतो. रडण्यानं नाक वाहतं, रागानं डोकं चालतं.

आमच्या शेजारी शमीमआपा राहायच्या. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं एसटीडी बूथ होतं, त्यातच दोन कॉम्प्युटर टाकले होते. घरी न जाता मी आधी तिथं गेले. आपांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता स्टूल पुढं केलं.

"काय झालं गं? कुनी मेलं का?"

"मीच मेले. व्हिसा नाकारला."

आपांनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि भुवई उडवली. "हा पत्ता बघ, जिथनं मेल आलाय तो. असला तर आमच्या बूथमधी कुनीबी फुकट काढून जातं. इंग्लंडचं सरकार फुकटातला पत्ता वापरतंय व्हय? आन् हे काय, संपर्क साधू नये? सरकारी कागदावर नेहमी लिवलेलं असतं, अडचन आली तर इथं विचारा. हा मेल तर म्हनतोय इचारूच नको. चोर बी असंच म्हनतो."

"म्हणजे खोटा?"

"मी कशी सांगू? शंका येती एवढं खरं."

मी कागद परत घेतला. पहिल्यांदा स्वतः वाचायला. ओपीडीत ऐकला होता, गाडीत मुठीत चुरगळला होता, वाचला मात्र नव्हता. पहिल्याच ओळीवर नजर अडकली.

डिअर मिसेस. पुढं माझं नाव.

कुठलं नाव?

आमच्यात लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरतो आणि अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्याही नवऱ्यानं लिहिलं. सासू, नणंदा, रेल्वे कॉलनी, सगळे मला त्याच नावानं हाक मारतात. पण माझी शाळा, माझं नर्सिंग, माझा पासपोर्ट, सगळं निमोण्याच्या नावावर. आबांनी ठेवलेलं नाव, पुढं आबांचं नाव, पुढं माहेरचं आडनाव. ते बदलायला गॅझेट करावं लागतं. कोण करतंय? इंग्लंडच्या अर्जावर मी माहेरचंच नाव लिहिलं होतं. तांदळावरचं नाव त्या अर्जात कुठंही नव्हतं.

मग ते लंडनला कुणी सांगितलं?

तांदूळ तर सासूनं दुसऱ्या दिवशी शिजवून खाऊ घातले होते.

ते नाव कागदोपत्री एकाच ठिकाणी होतं. हॉस्पिटलच्या हजेरीपटावर. लग्नानंतर मॅडमनीच ते लावायला लावलं होतं. "आमच्याकडं लग्न झालेल्या बायका माहेरचं नाव मिरवत नाहीत," असं म्हणून जुन्या नावावर स्वतःच्या हातानं काट मारली होती.

मी स्टुलावरून उठले. आपा सांगतात, मी तेव्हा हसत होते. हसले असेन.

"आपा, फोन लावा. मेलमधला नंबर नको. मुंबईला अर्ज दिला तेव्हा खिडकीवर पावती मिळालीय, तिच्यावरचा नंबर लावा."

काचेच्या खोपटात उभी राहून मी फोन कानाला धरला. पलीकडच्या माणसानं अर्जाचा क्रमांक विचारला, जन्मतारीख विचारली, माहेरचं नाव नीट उच्चारलं आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, आपका एप्लिकेशन रिजेक्ट नहीं हुआ है. ओरिजिनल सर्टिफिकेट मंगवाए हैं. मेल कब का भेजा है. इसी शुक्रवार तक जमा कीजिए, नहीं तो फाइल बंद हो जाएगी."

'मॅडम' हा शब्द माझ्यासाठी वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

म्हणजे खरा मेल मॅडमनी दाबला होता, वर खोटा बनवला होता. आणि जी कागदं मुंबईला पोचवायची ती त्यांच्याच कपाटात होती.

नवरा म्हणाला, "गपगुमान जा, हातापाया पड, सर्टिफिकेटं माग. मोठी माणसं हायती."

"हातापाया पडून मिळाली असती तर कुलूप कशाला लावलं असतं?"

मी निमोण्याला आबांना फोन केला. "आबा, बाजारादिवशी शिरूरला या. पटका बांधून. आन् घोंगडं घेऊन या."

"उनाचं घोंगडं कशाला गं?"

"वास यायला पायजे."

बाजारादिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर तो दिवस धरला. तमाशा करायचा तर फड भरलेला हवा. आबा लाल पटका बांधून, खांद्यावर काळं घोंगडं टाकून पहिल्या बाकावर येऊन बसले. मी मान खाली घालून मॅडमसमोर गेले. आवाज अगदी लोण्यासारखा केला.

"मॅडम, आबांना पटत न्हाई. म्हणतात, पोरगी खोटं बोलती, नोकरीचा कंटाळा आला म्हणून. तुमच्या तोंडून एकदा ऐकवा ना तो मेल."

मॅडम खुलल्या. असं पान वाढलं की कुणाला भूक लागत नाही? कागद घेतला, चष्मा सरकवला, वाचायला लागल्या. डिअर मिसेस...

"थांबा बाई," आबा म्हणाले. "ही कोन?"

"ही? तुमचीच मुलगी की हो!"

"न्हाई बा. माझ्या पोरीचं नाव ह्ये न्हाई. म्या ठिवल्यालं नाव येगळं हाय. ह्ये तर जावयानं ताटात लिवलं. लंडनचा सायब लग्नाला आलता का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा बाक हसला. या वेळी दिशा फिरली होती.

मॅडमचा हात खाली आला. मी तेव्हा आवाज सोडला. बाळंतीण ओरडते तेव्हा तिच्या वरताण आवाज काढायची सवय असते आम्हाला, तोच. "पासपोर्टावर माहेरचं नाव आहे. अर्जावर माहेरचं नाव आहे. हे नाव जगात फक्त माझ्या सासरी माहीत आहे आणि तुमच्या हजेरीपटावर. मी मुंबईला फोन केला. माझा अर्ज कुणी नाकारलेला नाही. खरा मेल कुठं आहे?"

साहेब केबिनबाहेर आले होते. "काय चाललंय?"

"अहो, गंमत," मॅडम म्हणाल्या. "भाच्याला म्हटलं, असा एक मेल पाठव, जरा चेष्टा करू हिची. लगेच मनावर घेतलं!"

"आणि खरा मेल?" मी विचारलं.

साहेबांनी स्वतः आत जाऊन कॉम्प्युटर उघडला. दार उघडंच होतं, बाकांवरची माणसं माना उंचावून बघत होती. मेल होता. कधीचाच आलेला, उघडून वाचलेला. साहेब स्क्रीनकडं बघत राहिले, बायकोकडं मात्र बघितलं नाही. मला आजही वाटतं, त्यांना ठाऊक होतं.

मॅडमचा आवाज आता पातळ झाला. "तू गेलीस तर लेबर रूम कोण बघणार गं? पगार वाढवते. तुझी वेगळी खोली करते. तू घरच्यासारखी आहेस."

घरच्यासारखी! कप वेगळा, पायरी मागची आणि मी घरची.

"मला माझी सर्टिफिकेटं द्या."

"आत्ता किल्ली नाही. उद्या ये."

उद्या गेलं, परवा गेलं की शुक्रवार जातो. हे त्यांनाही कळत होतं, मलाही.

"आबा," मी म्हणाले, "घोंगडं हातरा."

आबांनी घोंगडं झटकलं. अख्ख्या ओपीडीत मेंढरांचा, रानाचा, पावसाचा, आमच्या सगळ्या पिढ्यांचा वास पसरला. ऐन दारात त्यांनी ते अंथरलं आणि मांडी घालून बसले. शेजारी मी, एप्रनसकट. "किल्ली येस्तवर हितंच हाओत," आबा म्हणाले. "कुनाला घाई असंल तर घोंगड्यावर पाय दिऊन जावा."

कुणी पाय दिला नाही. बाजारातनं माणसं डोकवायला लागली. ज्याला त्याला आबा हौसेनं सांगत होते, "लंडनचा सायब माझ्या पोरीच्या लग्नाला आलता." माणसं पोट धरून हसत होती, आणि हसू मॅडमच्या अंगावर जात होतं, एकेक.

किल्ली सापडली. त्यांच्याच कमरेला होती.

मी सर्टिफिकेटं एकेक करून तपासली, सगळ्यांसमोर. उठणार, तेवढ्यात मागच्या पायरीवरून बाकीच्या नर्स आत आल्या. सगळ्यांत भित्री जी होती, इंजेक्शन देतानाही जिचे ओठ थरथरायचे, तिनं हात पुढं केला. "मॅडम, आमचीपण द्या."

घोंगडं अजून दारातच होतं. कपाट रिकामं झालं.

गुरुवारी मी मुंबईत होते. गेले. राहिले तिकडं. पुष्कळ वर्षांनी परत आले.

मी इंग्लंडला जायच्या आधी मॅडमच्या नात्यातले एक आप्पा निमोण्याला आले होते. ओसरीवर बसून म्हणाले, "पोरी, तुझं तर चांगलंच झालं न्हवं का? मग माफ केलं म्हन. मोठ्या घराचा मान ऱ्हाऊ दे."

"आप्पा, चहा घ्या. जेवून जावा. पण ते माझ्या तोंडून निघायचं न्हाई."

"आगं, देव बी माफ करतो."

"त्याचे मेल दाबले न्हाईत कुनी."

आप्पा चहा न घेताच गेले. नंतर इंग्लंडमध्ये, रात्रपाळीला दुसऱ्यांच्या आजीआजोबांची कूस बदलताना, कधीकधी मनात यायचं: झालं ते झालं. मग मी स्वतःला विचारायचे, काय झालं? शुक्रवार हुकला असता तर? त्या हजेरीपटावर मी माहेरचंच नाव लावून बसले असते, तर खोट्या मेलवरही तेच आलं असतं आणि मी जन्मभर त्यालाच खरं मानलं असतं. मीच नालायक होते असं समजून त्या पायरीवर चहा पीत म्हातारी झाले असते. मॅडमनी माझी नोकरी चोरायला नाही, माझ्याबद्दलचं माझं मत चोरायला हात घातला होता. ते वाचलं ते केवळ त्यांच्या हलगर्जीपणामुळं. त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानायचे का?

मागच्या दिवाळीत शिरूरच्या एका लग्नात त्या भेटल्या. केस पांढरे, काठी हातात. सगळ्या पंगतीसमोर माझा हात धरून म्हणाल्या, "विसरलीस ना गं ते सगळं?"

म्हाताऱ्या माणसाला 'हो' म्हणायला काय जातं, असं शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली.

मी हात सोडवून घेतला. "नाही," म्हणाले. "तुम्ही मला ते ओपीडीत, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. मीही सगळ्यांसमोरच सांगणार." आणि खुर्ची पंगतीच्या मधोमध ओढून घेतली, नवरीकडच्या पोरींना जवळ बोलावलं आणि अगदी पहिल्यापासून, आवाज काढून काढून सांगायला सुरुवात केली. मॅडम समोरच होत्या. त्यांना उठून जाता येत होतं. मला थांबवणं आता कुणाच्या हातात नव्हतं.