आतल्या कडेनं झिजलेला टायर
पंक्चरच्या सोल्युशनचा उग्र वास आला की एमआयडीसीच्या नाक्यावरची ती दुपार आठवते. माझ्या फोर-व्हील पिकअपचा मागचा डावा टायर तीन महिन्यांतच आतल्या कडेनं तारा दिसेपर्यंत झिजला होता. बाहेरून मात्र नवाकोरा. ड्रायव्हरनंच गाडी बेफाम हाणली असं धरून मी चाकाचा पाना उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. “दादा, मी नाय काय केलं!” तो ओरडला. दुसरा घाव तोंडावर बसला, ओठ फाटला, शर्ट रक्तानं भरला. तेवढ्यात टायर काढून गाडीखाली शिरलेला पंक्चरवाला मिस्त्री ओरडला, “अवो थांबा! मागचा आक्सल वाकलाय, म्हणून टायर आतनं खाल्लाय. गाडी जोरात आपटलीय कुठंतरी.” माझा हात हवेतच राहिला. शिमग्याला माणसं मागच्या हौद्यात भरून, कोण कोण चढलंय तेही न बघता, पिऊन, कुडपणच्या वळणावर मीच गाडी दगडावर घातली होती, आणि सुट्टीवरून आलेल्या ड्रायव्हरला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रक्त थुंकून तो म्हणाला, “म्हाईत हाय मला. त्या दिवशी हौद्यात मी पण होतो. तुमीच सांगाल म्हणून गप रायलो.” आता गाडी मीच चालवतो, पण टायर बदलायचा असला की पाना दुसऱ्याच्या हातात देतो.