नानांच्या खिशातला गोळा

गच्चीवरची खोली पहिल्या तारखेपासून रिकामी हवी, असं मुलाने सांगितलं. सूनबाईचा शिकवणीवर्ग तिथे भरणार आहे. मी हो म्हटलं. आता वाद घालायचाही कंटाळा येतो. फक्त तिथले आमच्या खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ उचलण्याआधी ती एकदा शेवटची चालवायची होती, आणि तेवढ्यासाठी मला या गुडघ्यांनिशी जळगावहून सावद्याला जावं लागलं. कारण गोळा तिकडे, नानांकडे होता.

गोळा म्हणजे काय ते सांगतो. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून पूर्वी ड्रायव्हरला एक धातूचा गोळा देत. तो हातात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पुढच्या स्टेशनवर तो परत द्यायचा. तिथल्या माणसाने शेवटचा डबा डोळ्यांनी पाहायचा, मागे काही सुटून राहिलं नाही याची खात्री करायची आणि मगच गोळा स्टेशनातल्या यंत्रात टाकायचा. तोवर दुसरी गाडी सुटत नसे. नानांनी सगळी नोकरी अशाच लहान स्टेशनांवर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून काढली.

आम्ही तिघे होतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. नाना मूळचे सोनगीरचे, निवृत्तीनंतर आमच्या गल्लीत राहायला आले. तिसरे पत्र्याचं काम करणारे चाचा. चाचांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वाफेचं काळं इंजिन बनवलं, मी त्यात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. धुराडं उंच की बुटकं यावरून नाना आणि चाचा तीन रविवार एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी कळलं की दोघे दोन वेगळ्या इंजिनांबद्दल भांडत होते.

खोलीच्या एका भिंतीला चाळीसगाव, समोरच्या भिंतीला धुळे. दर रविवारी चाळीसगावला नाना, धुळ्याला चाचा, ड्रायव्हर मी. गोळा म्हणजे ट्रकच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी, आणि यंत्र म्हणजे एक लाकडी पेटी. शेवटच्या डब्याला लाल मणी चिकटवला होता. तो दिसला की गाडी पूर्ण आली.

"गोळा नही, ते गाडी नही," नाना बजावत. एकदा ते गोळा खिशात घालूनच खऱ्या धुळ्याला लग्नाला गेले आणि पंधरा दिवस तिथेच रमले. ते दोन रविवार आम्ही चहा पीत इंजिनांच्या गोष्टी सांगत बसलो, गाडीला हात लावला नाही. हौसेला मोल नसतं, तुमच्या हौसेला अक्कलही नाही, असं बायको म्हणाली. खोटं नव्हतं ते.

मग चाचा गेले. नाना विसरू लागले, आधी नावं, मग रस्ते. गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना कायमचं सावद्याला न्यायला आली, तो रविवारच होता. गाडी धुळ्याहून चाळीसगावात शिरत होती. नानांनी माझ्याकडून गोळा घेतला, तेवढ्यात खालून मुलीची हाक आली आणि ते तसेच जिना उतरून गेले. पेटी रिकामी आहे हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

दुसरी गोळी आणून गाडी चालवली असती तर कोण बघणार होतं? मीच बघणार होतो. वर्षभर खोलीत धूळ साचू दिली, पण ते केलं नाही.

भुसावळला बस बदलली, पुढे केळीच्या ट्रकांमागे रखडत पोहोचलो. नाना ओसरीवर खुर्चीत बसले होते, एक हात खिशात. मुलगी हळूच म्हणाली, "काका, दिवसभर तो गोळा धरून बसतात. काम बाकी आहे म्हणतात. काढून घेतला तर जेवत नाहीत."

मी समोर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोन शेतस, भाऊ?"

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. "गोळा न्यायला आलोय, नाना," एवढंच म्हणालो.

त्यांनी गोळा बाहेर काढला. तो घासून घासून चकचकीत झाला होता. माझ्यापुढे हात केला आणि लगेच मूठ मिटली. पाठ ताठ झाली, डोळ्यांत जुने नाना दिसले.

"गाडी बठ्ठी उनी का? शेवटना डबा दखा?"

गाडी त्या रविवारीच पूर्ण आली होती. लाल मणी मी स्वतः पाहिला होता. हो म्हटलं असतं तर गोळा माझ्या हातात पडला असता, आणि नानांची ड्युटी संपली असती. मग ते कशासाठी बसून राहणार होते?

"नाही, नाना. शेवटचा डबा दिसला नाही अजून."

"मंग थांबनं पडी." त्यांनी गोळा खिशात टाकला आणि बाजूची खुर्ची पुढे सरकवली.

मी फार थकलो होतो. परतीच्या बसपर्यंत त्यांच्याजवळ बसलो, आणि आम्ही दोघे रस्त्याकडे बघत राहिलो.

काल मी रूळ उचलले. इंजिन वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. गाडी चालवली नाही. त्या रविवारची गाडी अजून पूर्ण यायची आहे, आणि गोळा नानांकडे आहे.