कंबरेची प्रार्थना

टाचणीबाईचा उजवा पाय कधी स्थिर नसे. दिवसभर शिलाई मशीन चालवून त्याला अशी सवय जडली होती की, चर्चमध्ये बाकावर बसली तरी तो आपला बाकाखाली कपडे शिवतच राही. प्रवचन लांबलं की पायाचा वेग वाढे. एकदा चर्चच्या पाळकांनी व्यासपीठावरूनच विचारलं, "बाई, आज काय शिवताय?"

"शिवत नाही. तुमचं प्रवचन जरा आखूड करतेय," ती म्हणाली.

टाचणी हे नाव तिला तोंडात धरलेल्या टाचण्यांवरून पडलं की बोलण्यावरून, याबद्दल चर्चच्या मंडळीत दोन मतं होती. पण तिच्या हाताबद्दल एकच मत होतं. कुणी दुकानातला नवाकोरा झगा कौतुकाने दाखवायला आणला, की बाई आधी तो फर्रकन उलटा करायची. "बाहेरून सगळेच गोरेगोमटे. आतली शिवण दाखवा," म्हणायची आणि समोरच्याचा हिरमोड करून मोकळी व्हायची.

नवरा बेकरीवाला. माणूस लोण्यासारखा, आकारानेही आणि स्वभावानेही. त्याला मधुमेह झाला होता, आणि सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यावं लागे. पण ही गोष्ट त्याने जगापासून लपवली होती. "ज्याला स्वतःचा केक चालत नाही, त्याचा केक लोक घेतील का गं?" असं म्हणून त्याने बायकोला शपथच घातली होती.

आता शपथ पाळायला हरकत नव्हती, पण मंडळीत फोनकाकू होत्या. काकू रोज सकाळी घरोघर फोन लावून विचारत, "आज तुमच्यासाठी काय मागायचं?" मग या घरची व्यथा त्या घरी आणि त्या घरची पुढच्या घरी पोचवून सगळ्यांना प्रार्थनेला बसवत. त्याला प्रार्थनेची साखळी म्हणत. काकूंना 'काही नाही' हे उत्तर चालत नसे. काही नाही म्हणणाऱ्याचं नक्कीच काहीतरी मोठं आहे, असं त्या धरून चालत. शेवटी एके दिवशी टाचणीबाई वैतागून बोलून गेली, "यांची कंबर दुखते हो. कंबरेसाठी मागा."

झालं! सगळी मंडळी बेकरीवाल्याच्या कंबरेमागे लागली. इतक्या लोकांनी इतक्या कळवळ्याने प्रार्थना केली की, साऱ्या गावात तेवढी धडधाकट कंबर दुसरी नसेल. तो पिठाची पोती फुलासारखी उचलायचा. फक्त चर्चमधलं कुणी बेकरीत आलं की पोतं खाली टाकून "आई गं" म्हणायचा.

अशात पांढरे बूट आले.

हे पाहुणे प्रचारक. बूट इतके पांढरे की रस्त्याने चालत येतात की तरंगत, असा प्रश्न पडावा. पहिल्याच सभेत त्यांनी डोळे मिटले, हात पसरले आणि एकेकाची दुःखं भडाभडा सांगायला सुरुवात केली. कुणाची सून माहेरी गेलेली, कुणाच्या कानात आवाज येतो. लोक रडू लागले. मग बेकरीवाल्यापुढे थांबून ते थरथरत म्हणाले, "भाऊ, प्रभू मला तुमची कंबर दाखवतोय! तिथे वेदनेची गाठ आहे. आज ती सुटली! घरातली सगळी औषधं फेका. औषध म्हणजे अविश्वास!"

हालेलुयांचा पाऊस पडला. बेकरीवाला ढसाढसा रडला. टाचणीबाईचा पाय मात्र थबकला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

घरी आल्याबरोबर नवऱ्याने इंजेक्शनं केराच्या डब्यात टाकली आणि क्रीमचा केक कापायला घेतला.

"अहो, काय करताय? तुमची कंबर दुखत नाही!"

"आता कुठली दुखायला? बरी झाली ना."

"ती आधीही दुखत नव्हती! ती मी मारलेली थाप होती."

बेकरीवाल्याने बोटावरचं क्रीम चाटलं. "देवाची भाषा वेगळी असते. कंबर म्हणजे शरीराचा मध्यभाग. साखरेचा अवयव कुठे असतो? मध्यभागीच ना?"

"मध्यभागी तुमचं पोटही आहे. ते दाखवायला देवाला दृष्टान्त लागत नाही."

"तुझा विश्वासच कमी," तो म्हणाला. हसत नव्हता. "माझं काही भलं झालं की तू ते उलटं करून शिवण बघतेस."

हे तिला लागलं. खरंच आपलं मन कोरडं तर नाही? साऱ्या मंडळीला जो आनंद झाला तो आपल्यालाच का होत नाही? तिने डब्यातून इंजेक्शनं काढून कापडाच्या ठाणांमागे ठेवली, पण तो दंडाला हात लावू देईना. ती प्रार्थनेला बसायची आणि उठायची. मशीनवर बसायची आणि बाह्या उलट्या जोडायची. देवाच्या नावाने जो बोलेल त्याचं सगळंच देवाचं नसतं, पारखून घ्या, हे लहानपणापासून ऐकलेलं शास्त्र तिला तोंडपाठ होतं. पण पारखताना हातून देवाचाच अपमान झाला तर?

इकडे बेकरीवाल्याला तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या रिचवायचा, दर थोड्या वेळाने संडासाकडे धावायचा, आणि उरलेल्या वेळात भट्टीसमोर पेंगायचा. "शरीर शुद्ध होतंय," तो सुकल्या ओठांनी सांगायचा. ती पाळकांकडे गेली. पाळक म्हणाले, "बाई, कित्येक वर्षांनी बाक भरलेत. जरा थांबून बघू." ती मनात म्हणाली, बाक भरतील हो, पण माझं घर रिकामं होईल त्याचं काय?

तिथून ती तडक फोनकाकूंकडे गेली. काकू उल्हासात होत्या. "अगं, केवढा मोठा माणूस! स्टेशनवरून मीच आणलं ना त्यांना. किती विनयशील! वाटेत म्हणाले, मला तुमच्या मंडळीची दुःखं सांगा, माझ्या हृदयाशी धरतो. मी बापडी सगळी साखळी सांगितली. तेवढाच त्यांचा वेळ वाचावा."

"सगळी? यांची कंबरसुद्धा?"

"तुझी कंबर तर पहिली!"

टाचणीबाईच्या तोंडातल्या टाचण्या काकूंच्या गालिच्यावर सांडल्या. तिने त्या वेचल्यासुद्धा नाहीत.

पुढच्या सभेत पांढऱ्या बुटांनी बेकरीवाल्याला बरं झाल्याची साक्ष द्यायला पुढे बोलावलं. तो उठला, दोन पावलं गेला आणि बाकाला धरून उभा राहिला. चेहरा पिठासारखा. टाचणीबाई उठून त्याच्या बाजूला गेली. त्याने घातलेली शपथ आता मोडायची होती.

"साक्ष मी देते," ती म्हणाली. "यांची कंबर कधी दुखलीच नाही. यांना मधुमेह आहे. कंबरेचं मी काकूंना खोटं सांगितलं. माझं चुकलं, त्याची माफी मी देवाकडे मागितली आहे, तुमच्याकडेही मागते. पण ते खोटं आहे हे देवाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग ज्याने या प्रचारकांना कंबर दाखवली, तो कोण?"

पांढऱ्या बुटांनी हात उंचावला. "या बहिणीत संशयाचा आत्मा बोलतोय! मंडळी, तिला गप्प करा!"

कुणीतरी मागून "बसा खाली" ओरडलं. ती बसली नाही. "माझ्यात कोण बोलतंय ते सावकाश तपासा. मी कुठे पळून जात नाही. आधी यांना दवाखान्यात न्यायला हात द्या."

एवढ्यात बेकरीवाल्याच्या गुडघ्यांनीच साक्ष दिली. तो खाली बसला. सगळ्यात आधी धावले ते पाळक, झगा सावरत, आणि त्यांच्या मागे फोनकाकू. पांढरे बूट जागचे हलले नाहीत.

दवाखान्यातून घरी आल्यावर बेकरीवाला भिंतीकडे तोंड करून इंजेक्शनसाठी दंड पुढे करायचा. "सगळ्या गावाला कळलं. आता केक खपतोय माझा!" म्हणून कुरकुरायचा. आणि मग हळूच, "समजा, देवाने खरंच बरं केलं असतं तर?"

"तर डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. देव काय तपासणीला घाबरतो?"

मंडळीतली बरीच माणसं पांढऱ्या बुटांमागे दुसऱ्या हॉलमध्ये गेली. रस्त्यात दिसली की टाचणीबाईकडे पाठ फिरवतात. कानात आवाज येणारे आजोबाही गेले, आणि त्यांनी औषध टाकलंय, हे तिला खुपतं. ती त्यांच्या दारापर्यंत जाते, शिव्या खाऊन येते, परत जाते. पाय बाकाखाली पूर्वीपेक्षा जोरात चालतो.

फोनकाकूंनी बरेच दिवस कुणालाच फोन लावला नाही. मग एका सकाळी फोन वाजला.

"आज काय मागायचं?" काकूंनी विचारलं. आणि पुढे म्हणाल्या, "खरं सांग हं बाई. आणि मी कुणाला सांगू, तेही सांग."

टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.