किल्लेदार पारावर आला होता

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. चकवा, पांढरी साडी, घाटात बंद पडलेली गाडी... वाचायचं, थोडं हसायचं, पुढच्या कामाला लागायचं. आमच्या घरात हे असलं काही कधी नव्हतंच. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंही घराबाहेर गेली, असं बाबा म्हणायचे. कोणाच्या अंगात आलं, कोणाला बाहेरचं झालं असं कानावर आलं की ते शांतपणे विचारत, "डॉक्टरले दाखवलं का?" मीही तशीच वाढले. त्यामुळे पुढचं लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण ज्या दोघांनी माझ्यासोबत हे ऐकलं, ते म्हणाले, ताई, लिहा. म्हणून लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत, गावं तीच आहेत.

मी भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरची. भंडाऱ्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते. लॉकडाऊनमध्ये धाकट्या भावाच्या नादाने मोबाईलवर गेम खेळायला लागले. विमानातून बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, शेवटपर्यंत टिकायचं, तोच प्रकार. भाऊ पुढे पुण्याला गेला आणि त्याचं खेळणं सुटलं. माझं राहिलं. आमचा एक ऑनलाइन ग्रुप होता, 'झाडीपट्टी गेमर्स'. तुमसर, लाखनी, साकोली, पवनीकडची पोरं, आणि काही गोंदियाची... जिल्हा वेगळा झाला तरी भांडायला ती आमच्याकडेच यायची. मी त्या ग्रुपची ॲडमिन. ॲडमिनचं काम म्हणजे मुख्यतः भांडणं सोडवणं. कोणी शिवी दिली, कोणी हॅक वापरला, कोणी कोणाच्या बहिणीच्या फोटोवर काहीतरी घाण लिहिलं. वयाने मोठी आणि त्यात बाई म्हणून पोरं मला दबून असत, पण ते तेवढ्यापुरतंच. ग्रुप खऱ्या अर्थाने कोणी सांभाळला असेल तर तो नीलेशने.

नीलेश आंबागडचा. किल्ल्याखालचं गाव, म्हणून त्याचा आयडी 'किल्लेदार'. सव्वीस-सत्तावीसचा असेल. वडील जंगलकामाला जायचे, ते वारले होते. घरी आई आणि धाकटी बहीण मनीषा. त्याला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हा आजार काय ते आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही — हाडं-सांधे दुखायला लागले की माणूस खाटेवरून उठत नाही. शेतीचं काम त्याला झेपत नसे. बरा असला की गावात मोबाईल दुरुस्त करायचा, दुखणं आलं की पडल्या पडल्या खेळायचा. आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो. ओळख ती आवाजाची. जरा घोगरा, सावकाश बोलणारा, आणि मागे कायम कोंबड्यांचा नाहीतर त्याच्या आईचा आवाज.

ग्रुपमध्ये बोलण्यासाठी वेगवेगळ्या व्हॉइस रूम होत्या. त्यातली एक त्याने फक्त भांडणांसाठी केली होती. नाव ठेवलं होतं 'पार'. कोणा दोघांचं पेटलं की तो त्यांना पारावर बोलवायचा. न्याय वगैरे करायचा नाही. एकाला म्हणायचा, "तू आता त्याच्या जागी हो. अन त्याले काय लागलं, थे तू सांग." मग दुसऱ्याची पाळी. पोरं आधी हसत, मग चिडत, मग त्यांचे आवाज खाली येत. मी त्याला एकदा विचारलं, हे तू कुठे शिकलास रे? तर म्हणाला, "खाटेवर शिकलो जी ताई. मले दुखते तं माय रडते. मंग मी मायच्या जागी होऊन पाहतो. तेवढा टाइम आपलं दुखणं आठवत नाही."

हे झालं त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालू होती. नीलेश बरेच दिवस ग्रुपवर दिसला नव्हता. मी केलेला मेसेजही त्याने पाहिला नव्हता. दुखणं जास्त असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. याआधीही तो असा मधेमधे गायब व्हायचा आणि मग एखाद्या दिवशी "कोण कोण जिवंत आहे बे?" म्हणत उगवायचा.

भांडण झालं ते अक्षय आणि सूरजचं. अक्षय नाकाडोंगरीचा, सूरज लाखनीचा. दोघंही विशीतले, आणि गेममध्ये एकमेकांशिवाय उतरत नसत. एका स्पर्धेच्या फायनलमध्ये सूरज जखमी होऊन पडला आणि अक्षय त्याला उचलायला गेला नाही. गोळीबार चालू होता, गेला असता तर दोघं मेले असते. पण टीम हरली. सूरजला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे ऐकत असताना, सगळ्यांच्या रूममध्ये तो बोलून गेला, "जो आपल्या बापाले सोडून पळाला, थो माह्यासाठी काय थांबन?"

अक्षयचे वडील कोरोनात गेले होते. त्याने ती गोष्ट फक्त सूरजला सांगितली होती — की वडील दवाखान्यात तडफडत होते आणि मी भीतीने आत गेलो नाही, पळालो. मित्र म्हणून सांगितलं होतं. ते आता दीडशे पोरांनी ऐकलं.

मी तेव्हा लॅबमध्ये होते. प्रॅक्टिकल संपलं होतं, मुलं गेली होती. फोन उघडला तर ग्रुप पेटलेला. अर्धी पोरं सूरजला शिव्या घालतायत, अर्धी अक्षयला भित्रा म्हणतायत, कोणी तुमसरच्या बसस्टँडवर बघून घेण्याची भाषा करतंय. मी सूरजला ग्रुपमधून काढायचं ठरवलं. बोट त्याच्या नावावर होतं, तेवढ्यात अक्षयचा मला एकटीला मेसेज आला. "ताई, चुकलं असन तं माफ करा. मी आता थकलो."

मी लगेच फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग बंद लागायला लागला. त्याच्या घरचा नंबर माझ्याकडे नव्हता. नाकाडोंगरीचं दुसरं कोणी ग्रुपमध्ये आहे का म्हणून मी नावं खाली-वर करत होते, तेव्हा मला पार दिसला. आत तीन नावं होती. अक्षय, सूरज आणि किल्लेदार.

मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू. आला बाबा एकदाचा, म्हटलं. मी आत गेले, माइक बंदच ठेवला.

नीलेशचाच आवाज होता. त्यात शंका नाही, तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. फक्त मागे काहीच वाजत नव्हतं. कोंबड्या नाहीत, पंखा नाही, आई नाही. तो म्हणत होता, "सूरज, तू आता अक्षय हो. अन त्या दिवशी दवाखान्यात काय झालं थे सांग."

सूरज आधीच रडत होता. म्हणाला, मले नाही जमत दादा. नीलेश थांबून राहिला. त्याची ती थांबायची सवय आम्हाला माहीत होती. मग सूरजने सुरू केलं. मी अक्षय आहो. माहा बाप आत आहे. मले आत जायले भेव लागते. मी... आणि तिथे त्याला पुढे बोलवेना.

"मी पळालो," अक्षयने स्वतःच वाक्य पुरं केलं.

"तू पळाला नोहे," नीलेश म्हणाला. "तू गेटबाहेर उभा होता. रातभर उभा होता, सकाळपर्यंत. उभं राहणाऱ्याले पळाला म्हणत नाही बापू."

त्यानंतर अक्षय जे रडला, तसं रडणं मी याआधी कोणा पुरुषाचं ऐकलं नव्हतं. सूरज त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होता, कुठी आहेस, सांग, मी गाडी काढतो. अक्षयने जागा सांगितली. सूरज म्हणाला, तिथून हलू नको, फोन ठेवू नको.

मग नीलेश मला म्हणाला — माझा माइक बंद होता, मी आले हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण नाव दिसतं त्यामुळे त्यात काही विशेष नाही — "ताई, कोनाले काढू नका जी ग्रुपमधून."

मी माइक सुरू करून विचारलं, तुझी तब्येत कशी आहे? तोवर नाव गेलं होतं.

सूरज लाखनीहून गाडी हाणत नाकाडोंगरीला गेला. अक्षय गावाबाहेर, जुन्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साचतं त्याच्या काठाला बसलेला होता. सूरजने त्याला घरी नेलं आणि मुक्कामाला तिथेच राहिला. संध्याकाळी दोघांनी मला व्हिडिओ कॉल केला, अक्षयच्या आईने समोर जेवायला वाढलेलं होतं. मी नीलेशला मेसेज टाकला, "आज तू एक जीव वाचवलास." तो मेसेज त्याला पोचलाच नाही.

चार-पाच दिवसांनी त्याच्याच नंबरवरून फोन आला. मनीषा होती. म्हणाली, दादा गेला. त्याचं सिम आपल्या फोनमध्ये टाकून, त्यातले नंबर बघून बघून कळवून राहिली आहे. मी सुन्न झाले, म्हटलं, असं अचानक? परवापर्यंत तर बोलत होता.

ती म्हणाली, "नाही जी. दादा तं नागपूरले दवाखान्यात होता, पंधरा-वीस दिवस. त्याले लकवा मारला होता. पहिल्या दिवसापासून आवाज नव्हता त्याले."

सिकलसेलमध्ये असा झटका येऊ शकतो, हे मी नंतर वाचलं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, शेवटी शेवटी शुद्धही नव्हती. त्या दुपारी तो आयसीयूत होता. फोन आंबागडला घरी, पेटीत, बंद. पासवर्ड मनीषालाही माहीत नव्हता; सिममधले नंबर तेवढे तिला मिळाले होते, फोन तिला उघडता येत नव्हता.

मी कॉम्प्युटरवाली बाई. पहिला विचार हाच आला की कोणीतरी त्याचा आयडी वापरला. तशी तपासणी मी केली, माझ्याहून जास्त जाणणाऱ्यालाही करायला लावली. काही हाती लागलं नाही. कोणी आवाजाची नक्कल केली म्हणावं, तर गेटबाहेर उभं राहिल्याची गोष्ट? ती अक्षयने सूरजलाही सांगितली नव्हती. तो म्हणतो, मी स्वतःलाही सांगितली नव्हती, मले फक्त आत नाही गेलो एवढंच आठवे. आणि अक्षय आणखी एक सांगतो. पारावर मी गेलोच नव्हतो, मी तं फोन बंद केला होता. हातात धरून बसलो होतो, आवाज आपोआप सुरू झाला. त्या वेळी त्याच्या मनाची जी अवस्था होती, त्यात त्याला काय आठवतं यावर मी जोर देत नाही. पण मला त्याचा फोन बंद लागत होता, हे खरं आहे.

आम्ही तिघं आंबागडला गेलो. सूरज, अक्षय आणि मी. नीलेशचं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. आई ओसरीवर बसली होती, मनीषाने आम्हाला सतरंजी टाकून दिली. आईला काही सांगायचं नाही, असं मी वाटेत दोघांना बजावलं होतं. दुःखात असलेल्या बाईला असल्या गोष्टी कशाला. पण तिने विचारलं, तुम्ही त्याचे कोण, आणि अक्षयला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. खाणीपासून, पारापासून.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या आहा. खरंच बोलला थो?"

मी म्हटलं, "हो मावशी. मी ऐकलं."

"आवाज कसा होता? तोतरा होता का?"

"नाही. आधी होता तसाच. साफ."

तिने पदर तोंडाला लावला. मनीषाने मग सांगितलं की आई त्या पंधरा-वीस दिवसांत दवाखान्यातून हलली नव्हती. आयसीयूत घेईनात तर दाराशी बसायची. आत सोडलं की त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणायची, माय म्हण, एकदा माय म्हण. नर्स तिला समजावून बाजूला घ्यायच्या.

मग आईने विचारलं, "माहं नाव घेतलं का जी त्यानं?"

सूरज खाली बघत होता. मला हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं तर काम होतं, आणि तिथे ते खोटं पकडणारं कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं, पण तिने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं.

"नसन घेतलं," ती म्हणाली. "पोट्ट्यायच्या कामात होता न थो."

मग तिने अक्षयला जवळ बोलावलं आणि सांगितलं, तुले काय म्हणाला थे परत सांग. अक्षयने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा सांगत राहिला, नीलेशच्याच शब्दांत, त्याच्यासारखा सावकाश, आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली.

सूरज आणि अक्षय अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जाऊन येतात. ग्रुप आहे, भांडणंही आहेत. लोक मला विचारतात, तो आवाज आला कुठून? मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आता त्याचा फारसा विचारही करत नाही. मी अडकते ती दुसरीकडे. एक बाई इतके दिवस त्याच्या तोंडाला कान लावून एका शब्दासाठी बसली होती. त्याच्याकडे एकदाच बोलण्यापुरता श्वास उरला असेल, तर तो आमच्याकडे कसा आला... आणि तिच्याकडे का गेला नाही?